दहावीचं विज्ञान: पुस्तक मिटून उजळणी कशी करायची

दिवाळीची सुट्टी संपली की नागपुरातल्या दहावीच्या घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मी तं रोज वाचूनच राहिलो ना, मग मार्क काऊन नाही येत?" असं म्हणणारी पोरं खोटं बोलत नसतात. त्यांनी विज्ञानाचं पुस्तक दोन-तीनदा वाचलेलं असतं, गुलाबी-पिवळ्या पेनांनी निम्मी पानं रंगवलेली असतात. तरी सराव परीक्षेत 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न समोर आला की पेन थांबतो.

परीक्षेत वाचायचं नसतं, पुस्तक जवळ नसताना आठवून लिहायचं असतं. आणि नेमका त्याचाच सराव वर्षभर झालेला नसतो. पहिल्यांदा बोर्डाला बसणाऱ्या मुलामुलींनी तो सराव कसा करावा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. राज्य मंडळाचं मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यम गृहीत धरलं आहे. सीबीएसईच्या मुलांना विज्ञानाचा ८० गुणांचा एकच, तीन तासांचा पेपर असतो; त्यांचे धडे वेगळे असले तरी उजळणीची रीत हीच चालेल.

आधी पेपर नीट ओळखा

विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, दोन पुस्तकं आणि वेगवेगळ्या दिवशी दोन पेपर. प्रत्येक पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकांचे. भाग १ मध्ये भौतिक आणि रसायन, सोबत अवकाश मोहिमा. भाग २ मध्ये जीवशास्त्र, पर्यावरण, ऊर्जा, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन. दोन्हीकडे दहा-दहा धडे.

सध्याच्या आराखड्यात पहिल्या प्रश्नात दहा गुण असतात: पाच बहुपर्यायी आणि पाच एकेका गुणाचे छोटे प्रश्न. दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन शास्त्रीय कारणं (४ गुण) आणि पाचपैकी तीन दोन-गुणी प्रश्न (६ गुण). तिसऱ्यात आठपैकी पाच प्रश्न, प्रत्येकी तीन गुण, म्हणजे १५. चौथ्यात दोनपैकी एक, पाच गुणांचा.

हा आराखडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरोघरी पाच गुणांच्या मोठ्या प्रश्नाची धास्ती असते आणि त्याचं उत्तर घोकण्यात आठवडे जातात. पण ४० पैकी २५ गुण दोन आणि तीन गुणांच्या उत्तरांत आहेत. तुमची उजळणी याच लांबीच्या उत्तरांसाठी असायला हवी. दोन गुणांचं उत्तर किती ओळींचं, तीन गुणांच्या उत्तरात किती मुद्दे, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे.

साहित्य फार लागत नाही. बालभारतीची दोन पुस्तकं, पाठकोरे कागद, एक साधी वही आणि गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका. पुस्तक फाटलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतं. गाईड घरात असलं तर असू द्या, पण उजळणीची सुरुवात पाठ्यपुस्तकातूनच करा. 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' या चौकटी पोरं सर्रास ओलांडून जातात, आणि एका गुणाचे प्रश्न बरेचदा तिथूनच निघतात.

पहिली पायरी: कोरा कागद

ही पायरी पक्की झाली तर पुढचं बरंच सोपं होतं, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

एक धडा घ्या. समजा, भाग १ मधला 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण'. धडा एकदा शांतपणे वाचा, हातात पेन न घेता. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ असलं की डोळा जातोच. आता कोऱ्या कागदावर मधोमध धड्याचं नाव लिहा आणि आठवेल ते सगळं उतरवा. क्रम चुकला तरी चालेल. वीस मिनिटं थांबायचं नाही.

पहिल्या खेपेला साधारण असं होतं: डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह ही नावं येतात. 'त्रिके' हा शब्द आठवतो, पण उदाहरण येत नाही. न्यूलँड्सचा आठवा स्वर आठवतो, पण त्याचा नियम कुठे कमी पडला ते सुटतं. मेंडेलीव्हने रिकाम्या जागा सोडल्या हे येतं, त्या कोणत्या मूलद्रव्यांसाठी होत्या ते येत नाही. आधुनिक सारणीत १८ गण आणि ७ आवर्त हे पक्कं असतं, पण आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी होतो की वाढतो, इथे गाडी अडते.

वीस मिनिटं झाली की पुस्तक आणा आणि लाल पेनने त्याच कागदावर राहिलेलं भरा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे त्रिक: लिथियमचं अणुवस्तुमान ६.९, पोटॅशियमचं ३९.१, दोघांची सरासरी २३.०, आणि सोडियमचं अणुवस्तुमानही २३.०. मेंडेलीव्हच्या रिकाम्या जागा: एका-बोरॉन म्हणजे पुढे सापडलेलं स्कँडिअम, एका-ॲल्युमिनिअम म्हणजे गॅलिअम, एका-सिलिकॉन म्हणजे जर्मेनिअम. आवर्तात उजवीकडे जाताना केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो, कवच मात्र तेच राहतं, म्हणून इलेक्ट्रॉन आत ओढले जातात आणि अणूचा आकार घटतो. गणात खाली उतरताना नवं कवच जोडलं जातं, म्हणून आकार वाढतो.

लाल शाईने लिहिलेला भाग हाच तुमचा खरा अभ्यासक्रम. निळ्या शाईचं तुम्हाला येतं, त्यावर आता वेळ घालवू नका. उद्या या धड्याला बसाल तेव्हा फक्त लाल भागावरून नजर फिरवा आणि पुन्हा नवा कोरा कागद घ्या.

पहिले काही दिवस ही पद्धत नकोशी वाटते, हे आधीच सांगून ठेवतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, त्यामुळे मन खूश असतं. कोरा कागद मात्र काय येत नाही ते लगेच दाखवतो. बरीच पोरं इथेच सोडतात आणि परत वाचनाकडे वळतात. सोडू नका. रॉडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याच गोष्टीचा प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

सेमी-इंग्रजीच्या मुलांनी कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात त्या धड्यातल्या संज्ञांची स्पेलिंग स्वतंत्र लिहावी. येणारं उत्तर स्पेलिंगच्या भीतीने अर्धवट सोडणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत.

दुसरी पायरी: धडा परत कधी घ्यायचा

माणूस शिकलेलं किती वेगाने विसरतो, याची मोजदाद हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडली. विसरणं सुरुवातीला फार भराभर होतं आणि मग मंदावतं. म्हणून पहिली फेरी लवकर घ्यायची आणि पुढच्या फेऱ्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. धडा आज केला तर उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. प्रत्येक फेरीची तारीख पुस्तकात धड्याच्या शीर्षकाशेजारी पेन्सिलीने टाका. वेगळं रंगीत वेळापत्रक करण्यात रविवार घालवायची गरज नाही.

एका दिवशी एकच धडा दिवसभर घेऊ नका. भाग १ चा एक आणि भाग २ चा एक, अशी जोडी ठेवा. सलग चार तास 'उष्णता' करण्यापेक्षा 'उष्णता' आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आलटून-पालटून केलेले बरे. पेपरातही प्रश्न धड्यांच्या क्रमाने येत नाहीत.

तिसरी पायरी: गणितं

भौतिकातली गणितं वाचून येत नाहीत. सोडवलेलं उदाहरण वाचून मान डोलावली म्हणजे ते आलं, असं समजू नका. उदाहरणातले आकडे बदला आणि स्वतः सोडवा.

'भिंगे व त्यांचे उपयोग' मधलं एक गणित घेऊ. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे. वस्तू भिंगापासून २० सेंटिमीटरवर ठेवली, तर प्रतिमा कुठे मिळेल आणि कशी असेल?

आधी दिलेलं लिहा, चिन्हांसकट. बहिर्वक्र भिंगाचं एफ, म्हणजे नाभीय अंतर, धन: +१५. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून यू, म्हणजे वस्तूचं अंतर, ऋण: −२०. मग सूत्र, त्यात व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर:

१/व्ही − १/यू = १/एफ

मग मांडणी:

१/व्ही = १/१५ + १/(−२०) = ४/६० − ३/६० = १/६०

व्ही = +६० सेंटिमीटर. विशालन म्हणजे व्ही भागिले यू, ६० भागिले −२०, म्हणजे −३. व्ही धन आला म्हणून प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला आणि वास्तव. विशालन ऋण म्हणून उलटी, वस्तूच्या तिप्पट मोठी.

आता हेच गणित चिन्ह विसरून करून बघा. यूच्या जागी +२० टाकलं तर व्ही येतो साधारण ८.६ सेंटिमीटर. इथे गणित न करताही चूक पकडता येते. नाभी १५ सेंटिमीटरवर, तिच्या दुप्पट अंतर ३०. वस्तू २० वर, म्हणजे या दोन्हींच्या मध्ये. अशा वेळी प्रतिमा दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे मिळते, हे किरणाकृतीत आपण शिकलो आहोत. उत्तर ३० पेक्षा मोठं यायलाच हवं. ८.६ आलं, म्हणजे चिन्ह चुकलं. ही शेवटची ताडणी अर्ध्या मिनिटाची आहे. प्रत्येक गणिताला करा, मग परीक्षेत ती आपोआप होते.

'विद्युतधारेचे परिणाम' मध्ये एककं दगा देतात. प्रश्नात वेळ मिनिटांत असतो, सूत्रात सेकंद लागतात. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यावं लागतं. १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१५ मीटर, तेव्हा शक्ती सुमारे ६.६७ डायॉप्टर. एकक बदलण्याची ओळ वेगळी लिहा, मनातल्या मनात करू नका. 'दिलेले, सूत्र, मांडणी, उत्तर एककासह' असा चार टप्प्यांचा साचा ठेवा. शेवटचा आकडा चुकला तरी आधीच्या टप्प्यांचे गुण मिळू शकतात. नुसतंच चुकीचं उत्तर लिहिलं तर द्यायला तपासणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही.

चौथी पायरी: शास्त्रीय कारणं

हा प्रश्न सरावाने पूर्ण हातात येतो, आणि नागपूरच्या मुलांना त्यासाठी घरातच प्रयोगशाळा आहे. कूलर घ्या. एप्रिल-मे मध्ये कूलर खोली गार करतो आणि जुलै लागला की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. का?

बहुतेक मुलं लिहितात: "उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि पावसाळ्यात दमट असते म्हणून." वाक्य बरोबर आहे, पण त्यात कारणाची एकच कडी आहे. पूर्ण उत्तर असं जाईल:

कूलरचा पंखा बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. ताट्यांतल्या पाण्याचं बाष्पीभवन होतं. बाष्पीभवनासाठी लागणारा अप्रकट उष्मा त्या हवेतून घेतला जातो, म्हणून हवेचं तापमान उतरतं. उन्हाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता कमी असल्याने बाष्पीभवन वेगाने होतं. पावसाळ्यात हवा बाष्पाने संपृक्त होण्याच्या जवळ असते, बाष्पीभवन मंदावतं आणि थंडावा कमी मिळतो.

यात काय काय आलं बघा: काय घडतं, त्यामागची संकल्पना, तिचं पुस्तकातलं नाव आणि परिणाम. प्रत्येक कारणाला या चार गोष्टी तपासायच्या. संकल्पनेचं नाव सुटलं तर गुण जातो. 'अप्रकट उष्मा' ऐवजी नुसतं 'उष्णता' लिहिलं तर उत्तर गप्पा मारल्यासारखं होतं.

व्याख्यांचंही तेच. सापेक्ष आर्द्रतेच्या व्याख्येत "त्याच तापमानाला" हे शब्द सुटले तर व्याख्या अपुरी राहते, कारण हवा किती बाष्प धरू शकते ते तापमानावरच ठरतं. व्याख्या पाठ करा, पण त्यातला कोणता शब्द काढला तर अर्थ बिघडेल, हे एकदा स्वतःशी पडताळा. मग ती विसरत नाही.

आपल्या आजूबाजूला असे धडे बरेच आहेत. 'हरित ऊर्जेच्या दिशेने' मधली औष्णिक विद्युत केंद्राची आकृती करताना कोराडी डोळ्यांसमोर आणा: कोळशातली रासायनिक ऊर्जा, तिची उष्णता, वाफेने फिरणारं टर्बाइन, त्याला जोडलेलं जनित्र. तिथले मधे चिंचोळे झालेले मोठे मनोरे पाणी थंड करण्यासाठी असतात. त्यांतून निघणारा पांढरा ढग बाष्पाचा, आणि धूर जातो तो उंच चिमण्यांमधून. आकृतीत हे दोन्ही वेगळे दाखवायचे असतात आणि मुलं नेमकी त्यांचीच अदलाबदल करतात. 'धातुविज्ञान' मध्ये मँगनीज डायऑक्साइडपासून ॲल्युमिनिअमच्या मदतीने मँगनीज मिळवण्याची अभिक्रिया आहे. मँगनीजचं खनिज आपल्या जिल्ह्यात मनसर परिसरातल्या खाणींतूनच निघतं. 'आपत्ती व्यवस्थापन' ला सप्टेंबर २०२३ चा पूर आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला आणि एका रात्रीत वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्या भागातल्या ओळखीच्या माणसांना विचारा: आधी काय तयारी हवी होती, त्या रात्री मदत कशी आली, नंतर घरं उभी करायला काय लागलं. धड्यातल्या पूर्वतयारीचे, प्रतिसादाचे आणि पुनर्बांधणीचे मुद्दे त्या उत्तरांत सापडतील. पेपरात उत्तर मात्र पुस्तकातल्या मुद्द्यांच्या नावानेच लिहा, उदाहरण जोडीला.

पाचवी पायरी: आकृत्या

भाग २ मध्ये आकृत्यांवर बरंच अवलंबून आहे. आकृती बघून लक्षात राहत नाही, हाताने काढून राहते. पेन्सिलीने, बेताच्या आकाराची, छटा न देता. नावं एका बाजूला, एकाखाली एक, रेषा एकमेकींना न छेदणाऱ्या.

सूत्री विभाजनाच्या चार अवस्था एका कागदावर ओळीने काढा: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. प्रत्येकीखाली एकच ओळ लिहा. गुणसूत्रं आखूड आणि जाड होऊ लागतात. मग ती पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. मग ओढली जाऊन दोन टोकांकडे जातात. मग टोकांना पोचून दोन केंद्रकं तयार होतात. आता कागद उलटा करून पुन्हा काढा. हातावर बसेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी हेच. अर्धसूत्री विभाजन त्याच दिवशी करू नका. दोन्ही एकत्र केलं की सरमिसळ होते. सूत्री पक्कं झाल्यावर ते घ्या आणि मग दोघांमधला फरक तक्त्यात मांडा.

'प्राण्यांचे वर्गीकरण' कंटाळवाणं वाटतं, कारण नावं अनोळखी आहेत. घराच्या आसपास दिसणाऱ्या प्राण्यांची यादी करा आणि प्रत्येकाचा संघ लिहा: गांडूळ वलयांकित, गोम आणि झुरळ संधिपाद, गोगलगाय मृदुकाय, पाल आणि बेडूक समपृष्ठरज्जू. मग वेगळेपणाचं एक लक्षण जोडा. समुद्रातले राहतात, ते पुस्तकातून.

सहावी पायरी: चुकांची वही

उजळणीसाठी एकच वही ठेवायची असेल तर ही ठेवा. प्रत्येक सराव पेपर, प्रत्येक कोरा कागद, शाळेतली प्रत्येक चाचणी यांत जे चुकलं ते तिथे उतरवायचं. बरोबर उत्तर पूर्ण लिहायचं आणि शेजारी चूक कशी झाली ते दोन शब्दांत: 'चिन्ह विसरलो', 'मिनिटांचे सेकंद केले नाहीत', 'प्रश्नात फरक मागितला, मी व्याख्या लिहिली', 'फ्लेमिंगचा डावा-उजवा उलटला'.

'वाचलं नव्हतं' असं लिहू नका, त्याने काही कळत नाही. फ्लेमिंगच्या नियमांचंच घ्या. डाव्या हाताचा नियम विद्युत चलित्रासाठी, उजव्या हाताचा जनित्रासाठी, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम सरळ तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगतो. तिन्ही नियम एका पानावर शेजारी शेजारी लिहिले की गोंधळ कुठे होतो ते दिसतं. महिनाभरात वहीत एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा दिसायला लागते. कुणाची एककं, कुणाचा प्रश्न नीट न वाचणं. तीच तुमची दुखरी जागा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तकाआधी ही वही उघडायची.

धडे जोडून बघा

धडे सुटे सुटे पाठ केले की ओझं वाढतं. 'गुरुत्वाकर्षण' आणि 'अवकाश मोहिमा' एकत्र घ्या. पहिल्यात पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर. दुसऱ्यात उपग्रहाचा क्रांतिक वेग. पृथ्वीच्या पृष्ठभागालगत तो सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर येतो. दोन्ही सूत्रं शेजारी लिहा: मुक्तिवेगाच्या वर्गमुळात २ हा आकडा जास्त आहे, बाकी सारखंच. म्हणजे पहिला वेग दुसऱ्याच्या वर्गमूळ दोन पट. ७.९ ला १.४१ ने गुणलं की जवळपास ११.२ येतातच. एवढं कळलं की दोनऐवजी एकच सूत्र डोक्यात ठेवावं लागतं.

तसंच 'प्रकाशाचे अपवर्तन' आणि 'भिंगे' लागोपाठ करा. 'रासायनिक अभिक्रिया', 'धातुविज्ञान' आणि 'कार्बनी संयुगे' यांतली सगळी समीकरणं एकाच कागदावर आणून संतुलित करा.

जुने पेपर, आणि घड्याळ

जानेवारीपासून आठवड्याला एक पूर्ण पेपर, दोन तास घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ४० गुणांना १२० मिनिटं म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. तीन गुणांच्या उत्तराला आठ-नऊ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका आणि शेवटची दहा मिनिटं तपासायला ठेवा. घरी जागा नसेल तर वस्तीतल्या अभ्यासिकेत बसा. शक्यतो पेपर ज्या वेळेला असतो त्याच वेळेला, म्हणजे सकाळी अकरापासून. फेब्रुवारी संपता संपता नागपुरात दुपार तापायला लागते, आणि रात्रीच जागून अभ्यास करणारं पोर सकाळच्या पेपराला पेंगतं.

बहुपर्यायी प्रश्नांत प्रश्नाच्या क्रमांकासोबत पर्यायाचं अक्षर लिहायचं असतं, आणि पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरतात. खाडाखोड करून दुसरं लिहिण्याचा उपयोग नाही. ही सवय सराव पेपरांपासूनच लावा.

प्रात्यक्षिकांबद्दल थोडंच. प्रयोगवही वेळेत पूर्ण करून सही घ्या, प्रत्येक प्रयोगाचा उद्देश आणि निष्कर्ष दोन ओळींत तोंडी सांगता यायला हवा. दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र बघून या. भिंगं आणि प्रकाशाचे खेळ हाताने करून पाहिले की धडा वाचताना चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. फेब्रुवारीत जाऊ नका, तेव्हा वेळ नसतो.

आईबाबांसाठी

तुम्हाला विज्ञान येत नसलं तरी मदत करता येते, आणि ती शिकवणीपेक्षा कमी नाही. रात्री जेवण झालं की पुस्तक तुमच्या हातात घ्या. धड्यातलं जाड ठशातलं एक शीर्षक वाचा आणि म्हणा, "हे मला समजावून सांग." पोर सांगत असताना पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवत राहा. एखादा मुद्दा सुटला तर "अजून काहीतरी आहे इथे," एवढंच म्हणा. उत्तर लगेच सांगू नका, आठवू द्या. दहा मिनिटं पुरतात. शेजारच्या मुलाला किती टक्के मिळाले, हा विषय त्या दहा मिनिटांत काढू नका.

दोन पेपरांच्या मधला वेळ

भाग १ चा पेपर देऊन घरी आलात की प्रश्नपत्रिका बाजूला ठेवा. मित्रांना फोन करून उत्तरं जुळवत बसलात तर संध्याकाळ जाते आणि गुण तेवढेच राहतात. जेवा, तासभर झोपा. मग चुकांच्या वहीतला भाग २ चा हिस्सा वाचा. त्यानंतर कोऱ्या कागदांवर फक्त आकृत्या: पेशी विभाजन, प्रजनन संस्था, विद्युत केंद्रं. मग वर्गीकरणाचा तक्ता पुस्तक न बघता एकदा. नवा धडा या वेळात उघडू नका. एखादा राहिला असेलच तर त्याचा फक्त स्वाध्याय आणि चौकटी बघा. प्रवेशपत्र, दोन निळे पेन, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी पिशवीत भरा, पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवा आणि दहाच्या आत दिवा मालवा.